मिलिटरी ग्रेडच्या नावानं चांगभलं!

आज म्हापशाच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानाबाहेर बोर्ड बघितला: 'मिलिटरी ग्रेड फोन! आपटा, बुडवा, काही होत नाही!' डोक्यात तिडीक गेली. अगदी असंच ऐकून माझ्या मेव्हण्यानं फोन घेतला होता. तो गोव्यातल्या मालीमच्या जेटीवरून मासेमारीच्या ट्रॉलरवर जातो. सीझन संपायच्या आतच चार्जिंगची पिन घालतो ती जागा हिरवी पडली. सर्व्हिस सेंटरवाल्यानं टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, 'लिक्विड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही.' मग बुडवा म्हणून कशाला सांगता रे?

'मिलिटरी ग्रेड' म्हणतात ते ज्याच्या जोरावर, ते खोक्यावरचं 'मिल-एसटीडी-८१०एच' म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचण्यांची नियमावली, २०१९ ची आवृत्ती. उष्णता, दमट हवा, धूळ, पाऊस, मीठ, धक्के, सगळं आहे तिच्यात. पण कुठल्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनी ठरवते, आणि ते खातं कुठल्याही फोनला सर्टिफिकेट देत नाही. पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा, वर पहिला नंबरही आपलाच!

पाडायची चाचणी तर ऐकाच. १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण या २६ आपटण्या पाच नगांत वाटून घ्यायची मुभा. आधीच्या '८१०जी' आवृत्तीत तर खाली काँक्रीटवर दोन इंची प्लायवूड. मालीमच्या जेटीवर प्लायवूड कोण अंथरून ठेवतो?

बरं, साध्या फोनपेक्षा हे दणकट असतात, मान्य. डंपर चालवणाऱ्याला उपयोगी पडत असतील. पण मेव्हण्याचा फोन आपटून गेलाच नाही, खाऱ्या हवेनं गेला. मिठाच्या फवाऱ्याची चाचणीही आहे त्या नियमावलीत: ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, २४ तास फवारा, २४ तास वाळवण, आलटून पालटून. त्याच्या खोक्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं. 'ड्रॉप टेस्टेड' मात्र सोनेरी अक्षरांत. आणि आयपी६८ चं, म्हणजे फोनमध्ये धूळ-पाणी शिरत नाही सांगणाऱ्या त्या शिक्क्याचं, कौतुक कुणी सांगू नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली, आणि किती खोल, किती वेळ, तेही कंपनीच्याच मर्जीनं.

दुकानातल्या पोरावर मी उगाच आवाज चढवला. त्याला कंपनी देते तो बोर्ड तो लावतो, बिचारा. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. किनारा जवळ आला, रेंज मिळाली की मेव्हणा घरी एक फोन करतो. तो फोन येईपर्यंत सासूबाई जेवत नाहीत. फोन बिघडला त्या रात्री त्या तशाच बसून होत्या.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल, त्याच्या आत त्याला नवा फोन घ्यायचाय. चार्जिंगच्या जागेला घट्ट रबरी झाकण असलेला, आणि मिठाची चाचणी कंपनीनं नाव घेऊन छापलेली असेल असा. तुमच्यापैकी कुणी ट्रॉलरवर किंवा होडीवर वापरत असाल तर मॉडेल सांगा. जाहिरातीची लिंक टाकू नका, वापरलेला असेल तरच सांगा.