‘मृत पेशी घासल्याशिवाय निघत नाहीत’: या सल्ल्यातले काय काय चुकीचे आहे

‘त्वचेवरच्या मृत पेशी आपोआप जात नाहीत, साचत राहतात. रोज स्क्रब करा, खाण्याच्या सोड्यात लिंबू पिळून चोळा, नाहीतर पपई लावा. तिचे एन्झाइम फक्त मृत पेशी खातात.’ असा मजकूर सतत फिरत असतो. त्यातले एकेक विधान घेऊ.

‘पेशी साचतात.’ निरोगी त्वचेत नाही. सर्वांत वरच्या शृंगी थरात पेशींचे साधारण 15 ते 20 पापुद्रे असतात. शेजारशेजारच्या पेशी कॉर्निओडेस्मोसोम नावाच्या जोडांनी एकमेकींना धरून असतात. डेस्मोग्लीन 1, डेस्मोकोलिन 1 आणि कॉर्निओडेस्मोसिन ही त्या जोडांतली तीन प्रथिने. ती कापणारी एन्झाइम त्वचा स्वतःच तयार करते. कॅलिक्रीन 5 तिन्ही प्रथिने कापते, शिवाय कॅलिक्रीन 7 ला कार्यान्वित करते. कॅलिक्रीन 7 मात्र डेस्मोग्लीन 1 ला हात लावत नाही. ही कापाकापी खोलवर सुरू झाली तर त्वचा सुटून येईल, म्हणून तिथे लेक्टी नावाचे प्रथिन या एन्झाइमना घट्ट धरून ठेवते. खोल भागातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 7 च्या आसपास असतो, पृष्ठभागाचा 5 च्या. वर येताना आम्लता वाढते, लेक्टीची पकड सैल होते आणि जोड तुटतात. दिवसाला जवळपास एक पापुद्रा गळतो. डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

हे नियंत्रण किती नाजूक आहे ते दोन जन्मजात आजारांत दिसते. नेदरटन आजारात लेक्टीचे जनुक बिघडलेले असते (ते 2000 मध्ये ओळखले गेले). एन्झाइम मोकाट सुटतात, त्वचा लाल होते आणि सोलवटते. याउलट एक्स-गुणसूत्राशी जोडलेल्या इक्थिओसिस या खवल्यांच्या आजारात स्टेरॉइड सल्फटेज हे एन्झाइम नसते. त्यामुळे कोलेस्टेरॉल सल्फेट साठते, ते कापणाऱ्या एन्झाइमना अडवते आणि अंगावर जाड खवले राहतात. दोन्हीकडे बिघाड एन्झाइमच्या तोलाचा आहे. घासण्याचा इथे काहीच संबंध नाही.

‘पण हिवाळ्यात पापुद्रे दिसतात, म्हणजे साचतातच ना?’ दिसतात, कारण या एन्झाइमना पाणी लागते. कोरड्या हवेत शृंगी थर सुकला की जोड अर्धवट कापले जातात आणि पेशी एकेक न सुटता पुंजक्याने लोंबतात. तिथे स्क्रब केले तर न कापलेले जोड ओढून तुटतात, खालचा थर उघडा पडतो आणि पाणी आणखी उडते. दोन दिवसांत पुन्हा पापुद्रे.

‘सोडा आणि लिंबू.’ सोड्याच्या पाण्याचा पीएच सुमारे 8.3, लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. मिश्रण कुठल्या बाजूला झुकेल ते प्रमाणावर ठरते आणि घरी कोणी ते मोजत नाही. उंदरांच्या त्वचेचा पीएच मुद्दाम तटस्थाकडे नेला तेव्हा कॅलिक्रीनसारख्या एन्झाइमची क्रिया वाढली, जोड वेळेआधी तुटले आणि त्वचेचे संरक्षक कवच कमकुवत झाले. शिवाय सेरामाइड, म्हणजे पाणी उडू न देणारे त्वचेतले स्निग्ध पदार्थ, बनवणाऱ्या एन्झाइमना आम्लच हवे असते. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. तोही म्हणूनच बेताने वापरावा.

‘पपईचे एन्झाइम फक्त मृत पेशी खातात.’ पपेन पेशी ओळखत नाही, प्रथिन तोडते. उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर खालच्या जिवंत थरातले जोडही बिघडलेले आढळले. पपेन मुख्यतः कच्च्या पपईच्या चिकात असते, पिकलेल्या गरात फार थोडे. म्हणजे जो चीक सर्वांत प्रभावी, तोच सर्वांत दाहक.

मग करायचे काय? कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत आंघोळ, अंग टिपून 3 मिनिटांच्या आत ग्लिसरीन किंवा 10 टक्के युरिया असलेले मलम. ग्लिसरीनने पाणी टिकते आणि एन्झाइमचे काम पुढे सरकते. तळपायाचा शृंगी थर मुळातच जाड असतो आणि तिथे जोड वरपर्यंत टिकतात, म्हणून वज्रीला तिथेच जागा आहे: 10 मिनिटे पाय भिजवून, आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तीही नको. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो. आधी साधे व्हॅसलीन लावून भेग भरू द्यावी.

तान्ह्या बाळाची त्वचा लाल होऊन ओल्या कागदासारखी सुटू लागली तर घरगुती काहीही लावू नये. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे विष डेस्मोग्लीन 1 ला नेमक्या एका जागी कापते, तेवढ्याने असे फोड येतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.