पट्टी साठच्या पुढे बोलते

आमच्या पिकअपच्या समोरच्या काचेला वरच्या अंगाला एक काळी पट्टी आहे. गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. बोटभर रुंद, दिसायला अगदीच किरकोळ. जुनी गाडी घेताना लोक टायर बघतात, पाटे बघतात, हौद्यावर बुक्की मारून बघतात. पट्टीकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती पट्टी ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात वीतभर सुटली आणि तिला वाचा फुटली.

चाळीसला ती गप्प असते. पन्नासला पुटपुटते. साठ ओलांडले की 'फर्रर्रर्र' सुरू, आणि समोरून वारा असला की मधूनच 'टप टप टप' असा ठेकाही धरते. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, तेव्हा आवाजाला भिणारी माणसं आम्ही नव्हे. पण ढोलकीवाला निदान घाम पुसायला तरी थांबतो. ही बया टोमॅटोचे क्रेट भरून निघालं की आळेफाट्यापासून माळशेजच्या तोंडापर्यंत एका दमात वाजते.

त्यामागचं शास्त्र साधं आहे. वारा पट्टीला दाबत नाही, ओढतो. काचेवर आदळलेली हवा वर चढते, टपाच्या कडेवरून वळताना वेग घेते आणि नेमका तिथेच दाब कमी होतो. खाली जराशी फट मिळाली की पट्टी उचलली जाते, ताण बसला की खाली येते, की पुन्हा उचलली जाते. हे मी केबिनमध्ये सांगून पाहिलं. पण आमच्या केबिनमध्ये शास्त्राला बसायला जागा नसते, तिथे आधीच तात्या आणि मामा बसलेले असतात.

"बेल्ट घासतोय," तात्या म्हणाले.

"तात्या, आवाज वरून येतोय."

"बेल्टचा आवाज वरच जातो. गरम असतो ना."

मामांचं म्हणणं, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं. मामा कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. चालत्या गाडीत उभ्याने हयात काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तर बेल्ट बदलला. बेअरिंगही बदलून झालं. पट्टी वाजत राहिली. आमच्या गावाशेजारी खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. कुठल्या कुठल्या आकाशगंगांतून निघालेल्या लहरी तिथे पकडतात म्हणे. आणि इथे डोक्यावर दोन हात अंतरावरचा आवाज दोन अनुभवी कानांना सापडेना.

पावसाळा लागला तसा पट्टीने दुसरा धंदा सुरू केला. माळशेजमध्ये धबधबे थेट रस्त्यावर उतरतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक लहानसा आमच्या केबिनमध्ये उतरू लागला. थेंब काचेच्या वरच्या कडेने आत यायचा, कडेकडेने सरकत मधोमध यायचा, आरशाच्या दांडीशी जरा थांबायचा आणि वळण आलं की बरोबर मामांच्या गुडघ्यावर. बेअरिंगमधून पाणी येत नसतं, हे त्या दिवशी मामांनी मान्य केलं. तात्यांनी अजून केलेलं नाही.

मग उपचार सुरू झाले. पहिला मान पुतण्याचा. त्याने खोकी बांधायची खाकी टेप आडवी मारली. ती पहिल्याच उन्हात सुटली आणि पट्टीच्या जोडीला तीही वाजायला लागली. मग त्याने तो एका थेंबात चिकटणारा गोंद आणला. त्या गोंदाने त्याची दोन बोटं क्षणात एकमेकांना चिकटली, पट्टीने मात्र विचार करायला वेळ मागितला. चिकटली एकदाची, पण हा गोंद वाळला की कडक होतो, आणि पट्टीला तर दिवसभर हलायचं असतं. घाटातल्या पहिल्या खड्ड्याला 'कट्' झालं. काचेवर मागे राहिला पांढरा धुरकट डाग, आजही आहे.

त्यानंतर शेजारचा प्लंबर पुढे सरसावला. "शंभर शंभर लिटरच्या टाक्या गळायच्या थांबवल्यात मी, तुझी पट्टी कोण लागून गेली?" असं म्हणत त्याने सिलिकॉनची अख्खी नळी त्या फटीत रिकामी केली आणि वरून ओल्या बोटाने असा काही गुळगुळीत हात फिरवला की बघणाऱ्याला वाटावं, आता केकवर चेरी ठेवतोय. केबिनमध्ये मात्र वास सुटला तो चायनीजच्या गाडीवर बाटलीत मिरच्या घालून ठेवतात त्या व्हिनेगरचा. असलं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरमधलंच आम्ल सोडतं, म्हणून तो वास. बाजारात आमच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला लोक विचारायचे, सकाळी सकाळी मंचुरियन का?

पट्टी आठवडाभर गप्प बसली. मग एका बाजाराच्या दिवशी अख्खं सिलिकॉनच अळीसारखं सोलून बाहेर आलं आणि पट्टी नव्या दमाने सुरू झाली.

शेवटी म्हटलं, नवी पट्टीच घालू. पुण्याला नाना पेठेत गेलो. तिथे गाडीचा नटसुद्धा मिळतो आणि त्या नटाबद्दलचं तत्त्वज्ञानही.

"कंपनीची हवी का लोकल?"

"कंपनीची द्या."

"कंपनीची येत नाही."

"बरं, लोकल द्या."

"लोकल कुणी बनवतच नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"गिऱ्हाइकाला विचारायला लागतं साहेब." मग चहाचा घोट घेऊन, "पट्टी काचेबरोबर येते. काच घ्या, पट्टी आपोआप आली."

म्हणजे सदऱ्याचं बटण तुटलं तर सदरा घ्यायचा. तिथून विम्याच्या एजंटला फोन लावला. तो आमच्या भावकीतलाच, त्यामुळे खरं बोलतो. नुसती पट्टी सुटली ही झीज, आणि झिजेचा क्लेम नसतो, असं त्याने आधी सांगितलं. मग घसाऱ्याचं, म्हणजे जुनेपणापायी भरपाईतून कापतात त्या पैशांचं, गणित सांगितलं: अपघातात काच गेली तर काचेवर घसारा शून्य, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के, भले गाडी कालच शोरूममधून निघालेली असो. विमेवाल्यांच्या लेखी काच अमर आणि रबर जन्मतःच अर्धमेलं. "आता माळशेजला एखादा दगडबिगड येऊन काचच गेली असती तर…" असं म्हणून तो थांबला. "मी काही बोललो नाही हां."

फोन स्पीकरवर होता, हे वाईट झालं. तेव्हापासून पुढे खडीचा डंपर दिसला की मामा सरसावून बसायचे. "जवळ घे. अजून जवळ घे. अरे, इतकं अंतर ठेवून दगड कसा लागायचा?"

गॅरेजात नेली तर तिथे वेगळाच प्रकार. गाडी उभी, वारा नाही, आणि पट्टी नव्या सुनेसारखी पदर सावरून बसलेली. मिस्त्रीने चारी बाजूंनी बघितलं.

"आवाज कुठाय?"

"साठला येतो."

"मग पन्नासने चालवा की."

याला उत्तर नव्हतं. तात्यांनी मात्र मान डोलावली. इतक्या दिवसांत कुणीतरी मुद्द्याचं बोललं, असं त्यांचं मत.

मंचरला काच बसवणारा एक माणूस आहे असं कळलं. तात्या, मामा आणि मी, तिघेही गेलो. हा माणूस आवाजाबद्दल काही विचारेना. त्याने अंगठ्याचं नख पट्टीखाली सरकवलं, कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं, नखाला लागलेलं बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "सिलिकॉन कुणी मारलंय?"

आम्ही तिघेही हायवेकडे बघू लागलो.

नंतरचं काम मी अगदी जवळून बघितलं. त्याने प्लास्टिकच्या पाचरीने पट्टी उचलली, ओढली नाही. खाली पातं धरून सिलिकॉनचा पापुद्रा न् पापुद्रा खरवडला, कारण त्याचा अंश जरी राहिला तरी वर दुसरं काही धरत नाही. मग पत्रा दिसला: कोपऱ्यात बोटाएवढा भाग गंजून भाजलेल्या वांग्याच्या सालीगत फुगलेला. "पट्टीने नाही सोडलं," तो म्हणाला, "पत्र्याने सोडलंय. व्हिनेगर पाजलंत ना त्याला." उन्हाने पट्टी आखडून दोन्हीकडून थोडी तोकडी झाली होती, तेही त्याने दाखवलं. काचेच्या कडेला ते काळे ठिपके असतात ना, मला इतकी वर्षं ती नक्षी वाटायची. ती काळी कड खालचा गोंद उन्हापासून वाचवायला असते. सगळं असं योजून बनवलेलं, आणि त्यावर आमचा प्लंबर!

तारेच्या ब्रशने गंज घासला, प्रायमर लावला, तो सुकू दिला. मग बंदुकीतून काळा पीयू, म्हणजे काच बसवायचा पॉलियुरेथेनचा गोंद, जाडसर, सलग, मध्ये न थांबता. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावर पिकतो, म्हणून पावसाळ्यात वेळेत होतो. फक्त लावताना जागा कोरडी हवी. पट्टी मधोमध धरून बसवली, तोकड्या पडलेल्या दोन्ही टोकांना पीयू भरला आणि वरून टेपचे तुकडे उभे मारले. पैसे किती? आम्ही टेप, गोंद, बेल्ट, बेअरिंगवर घातले त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत एवढे.

निघताना त्याने पथ्य सांगितलं. "उद्यापर्यंत गाडी धुवायची नाही. दोन्हीकडच्या काचा चार बोटं खाली ठेवा. आणि दार आपटायचं नाही, आतली हवा दाबली जाते, ती ओल्या गोंदाला ढकलते."

आता पिकअपचं दार न आपटता लागतं, असं ज्याने पाहिलंय त्याने मला भेटावं. आमचं तर दोन्ही हातांनी आणि शिवी हासडूनच लागतं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा दार हळूच ओढलं. ते अर्थातच लागलं नाही. पुन्हा हळूच ओढलं. तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं दाराच्या कडीतून ओवलं, त्याचं एक टोक हाताला गुंडाळलं, दुसरं मधे बसलेल्या तात्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे रे गाडी."

गाव जाईस्तोवर वीस-पंचविसाने काढली. कळंब मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, दोघांनी उपरणं घट्ट आवळलं. पन्नास. पंचावन्न. साठ. दोन्ही खिडक्यांतून वारा नुसता भणाणत होता, तात्यांची टोपी माझ्या मांडीवर येऊन पडली.

"गेला का आवाज?" मामा ओरडले.

"काय?"

"आवाज! पट्टीचा! गेला का?"

"ऐकू येत नाही!"

"मग गेला!" तात्या म्हणाले. "मी सांगत नव्हतो, बेल्टच होता."