मिटवून घ्या म्हणे!

आज दुपारी घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांचा मेसेज आला, "झालं गेलं गंगेला मिळालं. पोरगं आपलंच आहे, पोलिसात जाऊ नका." खाली हात जोडलेल्यांची ही रांग. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या चुलतभावाने आमच्या आत्याच्या नावावर अ‍ॅपवरून दीड लाखाचं कर्ज काढलं. गॅसची सबसिडी बघतो म्हणून तिचा फोन घेतला, आधार-पॅनचे फोटो काढले. ओटीपी तिनेच वाचून दाखवला. सख्ख्या भाच्याला कोण नाही म्हणेल? तिला कळलं ते थेट वसुलीवाल्याचा फोन आल्यावर. वाण्याकडे कधी उधारी न ठेवलेल्या बाईला कुणीतरी परका विचारतो, "आजी, बुडवायचे होते तर घेतले कशाला?" त्या रात्री ती जेवली नाही.

मिटवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, काका? हप्ता भरला तर कर्ज तिनेच घेतलं असं मानल्यासारखं. नाही भरला तर थकबाकीदार म्हणून तिचंच नाव. कर्ज माझं नाही म्हटलं की कर्ज देणारी कंपनी पोलीस तक्रारीची प्रत मागते, आणि ठाण्यात विचारतातच, संशय कुणावर? तिथे आत्याने खोटं बोलायचं का, त्याच्यासाठी?

हो, केस झाली तर त्याच्या नोकरीचे वांधे होतील. मान्य. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली दुसऱ्याची ओळख अशी वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच कायद्यात कोर्टापुढे तडजोडीची वाटही आहे. तक्रार केली म्हणजे पोराला फासावर चढवलं असं नाही.

आणि तो वाईट नाही हो. आत्याचे यजमान गेले त्या रात्री सिव्हिलच्या व्हरांड्यात तोच बसून होता. धंदा बसला, कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली असेल. हे लिहितानाही मला भरून येतंय. त्याने मागितलं असतं तर आत्याने हातातल्या पाटल्या काढून दिल्या असत्या, हे त्यालाही ठाऊक होतं.

मग संध्याकाळी आत्याचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या चार क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आजच काढा. आणि त्यात काय निघावं? दुसरं कर्ज! पहिल्यानंतर दोन महिन्यांनी घेतलेलं. म्हणजे एकदा अडचणीत हात गेला असंही नाही. तिच्या हातचा चहा पिऊन त्याने पुन्हा तेच केलं.

दोन्ही कर्जांवर क्रेडिट कंपन्यांकडे हरकत नोंदवली आहे, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, सायबर पोर्टलवर तक्रारही टाकली. उद्या सकाळी आत्याला घेऊन ठाण्यात जाते आहे. तक्रारीत त्याचं नाव असेल. तिनेच तसं सांगितलं, रडत, पण सांगितलं.

काका, तुम्हाला खरंच मिटवायचं असेल तर त्याला घेऊन तिथे या. दोन्ही कर्जं मी घेतली असं त्याला स्वतःच्या हाताने लिहून देऊ दे. माफ करायचं की नाही ते मग आत्या ठरवेल, ग्रुपने त्यात पडू नये.