चित्रातला नांगर जोताला लागला पाहिजे

कोकणातल्या शेतीच्या अवजारांची जलरंगातली चित्रं हल्ली पुष्कळ दिसतात. होमस्टेच्या भिंतींवर, कॅलेंडरवर, प्रदर्शनांत. रंग सुरेख असतात, पण मला त्यातली बरीचशी पटत नाहीत. नांगर असतो, पण रुमणं म्हणजे हातात धरायचा दांडा कुठे बसतो आणि इसाड म्हणजे जुवाकडे जाणारं लांब लाकूड कुठून निघतं, ते सगळं वॉशमध्ये, पातळ रंगाच्या थरात, बुडवलेलं. जू आहे, पण मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या, म्हणजे शिवळाच नाहीत. मग बैलाची मान अडकणार कशात?

माझं म्हणणं एवढंच, की चित्र बघून सुताराला ते अवजार घडवता आलं पाहिजे.

आणि हे आत्ता व्हायला हवं. चिखळणीला पॉवर टिलर आला, चांगलंच झालं, माणसांच्या कंबरा वाचल्या. पण नांगर माळ्यावर गेले, कुणाला वाळवी लागली, कुणाचा चुलीत गेला. ते घडवलेली म्हातारी माणसं अजून आहेत. लाकूड ऐनाचं की किंजळीचं, कुठला सांधा आधी झिजतो, हे त्यांना विचारा आणि मग ब्रश उचला.

पावसात अंगावर घ्यायचं इरलंच घ्या. बांबूच्या कांब्यांची विरळ वीण, त्यावर पानं बसवलेली. डोक्यापासून पाठीवर उतरतं आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायला दोन्ही हात मोकळे राहतात. ते भिंतीला टेकवून काढलं तर नुसती टोपली वाटते. वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर बघितलं की त्याला तसा बाक का दिलाय ते कळतं. आषाढात दमट हवेत वॉश लवकर वाळत नाही हे खरं, पण इरलं वापरात दिसायचं तर तेव्हाच, आणि तेही आता प्लास्टिकच्या कागदांमुळे क्वचितच.

फोटो काढून भागणार नाही का, असं विचारतात. फोटोत मागचा गोठा, दोरी, बादली, सगळं सारख्याच जोरात येतं. चित्रकार निवडतो. कोयत्याच्या मुठीला वर्षानुवर्षांच्या हातांनी आलेली झिलई दाखवायला तेवढा कागद कोरा राखावा लागतो, आणि कुठे राखायचा हे नीट बघितल्याशिवाय कळत नाही. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सां. ल. हळदणकरांनी समई घेतलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचा उजेड जलरंगातच पकडला. ते चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. फाळाच्या घासलेल्या टोकालाही तेवढीच नजर द्या ना!

चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, मुलं गावागावांतून येतात. प्रत्येकाने आपल्या वाडीतलं एकेक अवजार मापासकट काढावं आणि खाली गाव, लाकूड, लांबी आणि तिथलं नाव पेन्सिलीने लिहून ठेवावं.