टाकीच्या तोंडाशी उभा असतो त्याला कोण शिकवणार?

शनिवारी आमच्या कंपनीत मॉक ड्रिल झालं आणि मी अजून त्यातनं बाहेर आलेलो नाही, म्हणून लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार, आधीच सांगतो, ज्याला वेळ नाही त्यानं रात्री वाचा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला मला बरीच वर्षं झाली. टाक्या, पिट (खड्डे), डक्ट, ईटीपी (कंपनीचं सांडपाणी साफ करायचा प्लांट), सगळ्यात उतरलोय. तर ड्रिल असं होतं की ईटीपीची एक टाकी धुवून, हवा तपासून, झाकण काढून तयार ठेवलेली. एका पोराला हार्नेस (अंगाला बांधायचे दोरीचे पट्टे) घालून आत पाठवलं आणि त्याच्या कानात आधीच सांगितलेलं, पाच मिनिटांनी आडवा हो. वर उभ्या असलेल्या पाच जणांना ह्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पोरगं आडवं झालं (लई भारी ॲक्टिंग केली पठ्ठ्यानं), आणि वर काय झालं? तिघांनी मॅनहोलमध्ये, म्हणजे टाकीच्या तोंडात, डोकी घातली आणि नावानं हाका मारायला लागले, एकजण "पाणी आणा रे पाणी" करत पळाला, आणि आमचा सगळ्यात हुशार वेल्डर, त्यानं सरळ शिडीवर पाय टाकला. बाजूला ट्रायपॉड (तिपाई) उभा, त्याला विंच (हँडल फिरवून दोरी गुंडाळायचं यंत्र) लावलेलं, दोरी पोराच्या पाठीला अडकवलेली, नुसतं हँडल फिरवायचं होतं ओ! एकानंही हँडलला हात लावला नाही.

ह्या पाचही जणांचं ट्रेनिंग झालेलं आहे. रजिस्टरला सह्या आहेत, मी स्वतः बघितल्या. दीड तास पीपीटी, एसी हॉल, शेवटी चहा आणि वडा.

नंतर मी त्या वेल्डरला बाजूला घेऊन विचारलं, का रे असं केलंस? तो जराही वरमला नाही. म्हणाला, "साहेब, आपला माणूस पडलाय आणि मी हँडल फिरवत बसू व्हय?"

आता बोला. ह्याला काय उत्तर द्यायचं?

कारण तो चुकीचं बोलला असं मला मनातनं वाटतच नाही. २०१९ चा महापूर आठवा, २०२१ चा आठवा. कुणी ऑर्डर दिली होती का? गल्लीतली, तालमीतली पोरं छातीएवढ्या पाण्यात शिरून म्हाताऱ्यांना काढत होती. आपल्याकडं माणूस अडचणीत दिसला की आधी पाय पळतात मग डोकं, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो, बाळगायलाच पाहिजे. पण पुराचं पाणी दिसतं, त्याला ओढ असते ती अंगाला कळते. टाकीतली हवा दिसत नाही आणि कळतही नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात, आणि ६ टक्क्यांच्या खाली असेल तर दोन-चार श्वासात माणूस बेशुद्ध. गुदमरल्यासारखंही होत नाही ओ, म्हणजे घाबरून परत फिरायची संधीच मिळत नाही. तिथं रोज पाचशे जोर मारणारा आणि माझ्यासारखा पोट सुटलेला, दोघं सारखेच. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेनं १९८६ सालीच लिहून ठेवलंय की अशा बंदिस्त जागेतल्या अपघातात मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला म्हणून आत गेलेले असतात. हा आकडा पीपीटीत पण होता. आमच्या पाचही जणांनी बघितला होता.

मला हा आकडा पीपीटीतनं कळलेला नाही. मी नोकरीला नवा होतो तेव्हा, एका साखर कारखान्यात (नाव नको), ऑफ सीझनला. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) पिटमधला पंप चोक झालेला, फूटव्हॉल्व्हला (पंपाच्या पाईपच्या खालच्या तोंडाच्या झडपेला) चिंधी अडकलेली. एक हेल्पर उतरला. आमचे एक म्हातारे फिटर होते, सगळे मामा म्हणायचो, त्यांनी त्याच्या कमरेला दोरी बांधली तेव्हा आम्ही हसलो होतो, "मामा, बैल बांधताय व्हय?" वास येत होता सडक्या अंड्यासारखा, मग तो म्हणाला आता वास येईना, गेला वाटतं गॅस. हे वाक्य आज ऐकलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, कारण हा सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस, हायड्रोजन सल्फाईड, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागात १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. गॅस जात नाही, वास जातो. चिंधी ओढताना त्यानं गाळ ढवळला आणि त्यातनं अजून गॅस सुटला असणार. मी वरनं बघत होतो, त्याचा शिडीवरचा हात सुटला, झोपेत कॉटवरनं हात खाली लोंबतो ना, तसा.

मी बूट काढले. का काढले देव जाणे, गाळात खराब होतील म्हणून असेल. एक पाय आत घातला आणि मागनं पट्ट्याला असा हिसका बसला की मी पाठीवर पडलो. मामा. मी त्यांना आईवरनं शिव्या दिल्या, खरंच दिल्या. ते फक्त एवढंच म्हणाले, "एक काढायचा का दोन काढायचं, तेवढं सांग." मग चौघांनी दोरी ओढली. पोरगं वाचलं, दोन दिवस दवाखान्यात होतं. पुढं कितीतरी दिवस मी मामांशी नीट बोललो नाही, त्यांनी मला सगळ्यांसमोर पाडलं म्हणून! अक्कल बघा माझी.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रेनिंग उतरणाऱ्याला देताय ते द्याच, पण खरं ट्रेनिंग वर उभ्या असणाऱ्याला पाहिजे, आणि ते हॉलमध्ये खुर्चीवर बसून होत नाही. त्याचा हात हँडलवर जायला पाहिजे, विचार न करता, आणि त्यासाठी दहा-वीस वेळा खरंच माणूस वर ओढावा लागतो. आम्ही नंतर वाळूची पोती बॉयलर सूटमध्ये भरून साठ किलोचा पुतळा केला आणि ओढायला लावलं. पहिल्यांदा सात मिनिटं लागली. हार्नेसची दोरी पाठीला न लावता कमरेला लावलेली, पुतळा आडवा झाला आणि मॅनहोलमध्ये अडकला. मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे. घड्याळ दाखवलं तेव्हा पहिल्यांदा पोरं गप्प झाली. पीपीटीला एकदाही झाली नव्हती.

आणि बाहेरच्या माणसाला दुसरं काम सांगायचं नाही. आमच्याकडं स्टँडबाय म्हणून उभं केलेल्याला "जरा स्टोअरमधनं पाना आण" म्हणून पाठवतात. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम ३६ ला लिहिलेलं होतं की हवा तपासून लेखी दाखला नसेल तर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि पट्टा पाहिजे, आणि पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात पाहिजे. हातात, ओ. रेलिंगला बांधून चहाला जायचं नाही.

अजून एक, उद्यमनगरातल्या भावांसाठी खास. टाकीत घुसमटतंय म्हणून गॅस कटिंगचा ऑक्सिजन आत सोडायचा ही आयडिया मी डोळ्यानं बघितलेली आहे. हवेत ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की कपडे, केस, ग्रीस, सगळं भडकायला तयार असतं, एक ठिणगी पुरते. हवा पाहिजे तर ब्लोअर लावा. आणि नुसती बंद राहिलेली गंजकी लोखंडी टाकीसुद्धा धोक्याचीच, गंज चढताना आतला ऑक्सिजन खाल्ला जातो. आत काहीच नव्हतं साहेब, रिकामी होती, असं म्हणायचं नाही.

गावाकडं विहिरीत कंदील सोडून बघायचे, आमचा चुलताही बघायचा. विझला तर उतरायचं नाही. अडाणी म्हणून हसू नका, तपासल्याशिवाय उतरायचं नाही ही शिस्त त्यात होती. पण कंदील कार्बन मोनॉक्साईड सांगत नाही, हायड्रोजन सल्फाईड सांगत नाही, आणि गोबर गॅसच्या खड्ड्यात सोडलात तर स्फोटच. चार गॅसचा डिटेक्टर दोरीला बांधून वर, मध्ये, तळाला धरा आणि काम चालू असताना आतच ठेवा, कारण गाळ ढवळला की आकडे बदलतात.

कंपन्यांचं एक वेळ ठीक, तिथं सेफ्टी ऑफिसर तरी असतो. काल आमच्या अपार्टमेंटची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला दोन पोरं आली. एकाच्या हातात ब्लिचिंग पावडर, दुसऱ्याच्या हातात ॲसिडची बाटली. दोन्ही एकत्र झाली की क्लोरीन सुटतो, तेही बंद टाकीत! बाटली काढून घेतली. सकाळपासनं झाकण उघडं ठेवायला लावलं, टेबलफॅन लावला, कंपनीतनं आणलेला डिटेक्टर सोडला, आकडे बरोबर आले. मग विचारलं, वर कोण थांबणार? म्हणे कशाला, दहा मिनिटाचं काम हाय, हा तवर दुसऱ्या बिल्डिंगला जातोय. त्याला जाऊ दिलं नाही, आणि शिकवत बसण्यापेक्षा दोरीचं टोक घेऊन मी पण तिथंच कट्ट्यावर बसलो. चाळीस मिनिटं लागली. बायको गॅलरीतनं दोनदा विचारून गेली, जेवायला येताय का न्हाय. पोरगं घासून, पुसून, पाणी उपसून वर आलं, पायरीवर बसलं, तोंड धुतलं आणि माझ्याकडं बघून म्हणालं, "काका, दोरी सोडा की आता."