आईच्या काळजीला गुण किती?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला घर सावरते की घरामुळेच आजार उलटतो, हा वाद भारतात निघाला की एक बाजू कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाते आणि दुसरी घरच्यांनाच आरोपी करते. लंडनमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांच्या मुलाखतींना दुभाषी म्हणून बसू लागल्यापासून मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

घरातल्या वातावरणाच्या मोजमापाची सुरुवात याच शहरातली. रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्या पुरुषांचा आजार, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा अधिक वेळा उलटतो, असे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1950च्या दशकात आढळले. त्यातून पुढे ‘कॅम्बरवेल मुलाखत’ तयार झाली. तीत नातेवाइकाला रुग्णाविषयी मोकळेपणाने बोलू देतात आणि नंतर ध्वनिमुद्रण ऐकून टीकेचे उद्गार, वैरभाव, भावनिक अतिगुंतवणूक (म्हणजे टोकाची काळजी आणि त्याग), जिव्हाळा आणि कौतुक यांची नोंद करतात. 1976 साली व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी टीकेचे 6 उद्गार ही सीमा धरली; तेवढे किंवा अधिक असले, की घर ‘उच्च’ म्हणजे आजार उलटण्याचा धोका जास्त असलेल्या गटात. वैरभाव किंवा ठळक अतिगुंतवणूक दिसली, तरीही घर त्याच गटात जाई.

मात्र टीका शब्दांत नसते, सुरात असते. ‘तो दहा वाजेपर्यंत झोपतो’ ही माहितीही असू शकते आणि तक्रारही. कागदावर उतरवल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. एक मराठी आई म्हणाली, ‘त्याच्यासाठी नोकरी सोडली, आता तोच माझी नोकरी,’ आणि हसली. मी वाक्य भाषांतरित केले, हसू राहून गेले, आणि मुलाखतकर्तीने लगेच काहीतरी टिपून घेतले. ते लक्षात येताच मी तिला थांबवून आईचा सूर समजावून सांगितला. तिने ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकले. (दुभाषाने इतके बोलावे की नाही, हा वेगळा वाद आहे.)

चंदीगडमध्ये हीच पद्धत वापरून केलेले अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाले. तिथे 23 टक्के नातेवाईक ‘उच्च’ गटात निघाले, लंडनमधल्या प्रमाणापेक्षा बरेच कमी; खेड्यांत तर शहराहूनही कमी. आपल्याकडचे अभिमानी एवढ्यावरच थांबतात. पण जिथे वैरभाव होता, तिथे आजार उलटण्याशी त्याचा संबंध चंदीगडातही दिसला, हे ते सांगत नाहीत. उलट घरालाच दोषी धरणारे हे विसरतात की वर्षानुवर्षांच्या आजारपणाने थकलेला माणूस चिडतो आणि त्या चिडण्याने आजार बळावतो. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एका मुलाखतीतून ठरत नाही.

माझ्या मते हे मोजमाप निवाड्यासाठी नव्हे, तर मदत कुठे हवी हे कळण्यासाठी वापरावे. ब्रिटनमध्ये अशा कुटुंबांसोबत ठरावीक बैठका घेण्याची शिफारस आहे, आणि त्यांमुळे आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. बैठकांची ही पद्धत भारताने जरूर घ्यावी. मात्र तिच्या मूळ संशोधनात आठवड्याला 35 तासांहून अधिक समोरासमोरचा सहवास धोक्याचा मानला होता. इथे ब्रिटनमध्ये रुग्णाला दिवसा केंद्रात पाठवून किंवा देखरेखीच्या निवासात ठेवून ते तास कमी करता येतात. जिथे तशी केंद्रे जवळपास नाहीत, तिथे सहवास कमी करण्याचा सल्ला तिथल्या आईला देणाऱ्याने, मुलाने तेवढा वेळ कुठे जायचे, हेही सांगायला हवे.