म्हणे सरकारी दुकान आज बंद आहे!

तीन हजार आठशे रुपये! आईने कापसाच्या पैशांतून बाजूला काढून ठेवलेले. भुसावळला कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसतानाच ती म्हणाली होती, दिल्लीत एक चांगली लोकरीची शाल घेऊ, बाकी मला काही नको.

मी सगळं विचारून गेलो होतो हो. कनॉट प्लेसला लागून बाबा खडकसिंग मार्ग, हनुमान मंदिराजवळ. तिथे राज्याराज्यांची सरकारी दुकानं ओळीने आहेत. काश्मीरचं, गुजरातचं, आपल्या महाराष्ट्राचंसुद्धा. भाव ठरलेले, घासाघीस नाही. रिक्षावाल्याला रस्त्याचं नाव दोनदा सांगितलं. तर म्हणतो, "वो तो आज बंद है साहब, मैं असली सरकारी एम्पोरियम दिखाता हूँ." आणि नेऊन उभं केलं कुठल्याशा गल्लीत. बाहेर पाटी 'गव्हर्नमेंट अप्रूव्ड'. कोणत्या गव्हर्नमेंटने? आत चहा पाजला, गालिचे उलगडले, आईला 'माताजी, माताजी' करून भंडावलं. शाल पश्मिन्याची म्हणे. पक्कं बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर नुसता आकडा!

दुसऱ्या दिवशी मेट्रोने राजीव चौकात उतरून पायी गेलो. काश्मीरच्या दुकानात विचारलं. काल दिवसभर उघडंच होतं! डोकंच फिरलं माझं.

घरी आल्यावर आईने शालीवर हात फिरवला. "हाई लोकर शे का रे?" काठाचे दोन धागे काढून पेटवले. लोकर जळाली की केस जळाल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरगळते. इथे धागा वितळला आणि टणक गोळी झाली. प्लास्टिक आहे ते, प्लास्टिक!

बाजार समितीत दलालाची आडत कापायचे तेव्हा ती निदान हिशेबाच्या पट्टीवर लिहिलेली दिसायची. इथे रिक्षावाल्याचं कमिशन आमच्याच शालीच्या किमतीत घातलं, वर भाडंही पुरेपूर घेतलं. आणि आमच्या गावच्या गल्लीतले लोक मलाच शिकवतात, दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात जायचं, निम्म्याने भाव पाडून मागायचा. (सरोजिनी सोमवारी बंद असतं, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही.) खोटं तो रिक्षावाला बोलला, आणि अक्कल मी का शिकायची?

आई ती शाल अजून पांघरते, मला वाईट वाटू नये म्हणून. पहाटे चुलीपुढे ती शाल घेऊन बसलेली दिसली की चहाचा घोट उतरत नाही घशाखाली.